निबंध वाचणारी सभा : मुंबई-पुण्यातील विद्यार्थी-संशोधनाचा इतिहास

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने एखादा प्रश्न निवडावा, त्यासंबंधीची साधने गोळा करून पारखावीत, आपले म्हणणे निबंधाच्या रूपाने मांडावे आणि तो निबंध जाणकारांच्या बैठकीत वाचून त्यावरच्या आक्षेपांना उत्तरे द्यावीत, ही रीत विद्यापीठांनी घालून दिली असा सर्वसाधारण समज आहे. परंतु पश्चिम भारतापुरते पाहिले तर तो टिकत नाही. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली निबंधवाचनाची सभा मुंबईत त्याच्या नऊ वर्षे आधीपासून भरत होती. पुढेही जवळजवळ साठ वर्षे विद्यापीठ परीक्षा घेत राहिले आणि संशोधनाचे शिक्षण मुख्यतः त्याच्या आवाराबाहेर, सभा, मंडळे, ग्रंथालये आणि काही थोड्या प्राध्यापकांच्या खोल्या यांत होत राहिले. हा इतिहास नीट ध्यानात घेतल्याशिवाय आजच्या विद्यार्थ्याच्या शोधनिबंधात नेमके काय उणे पडते ते कळत नाही.

निबंधाला सभेत उत्तर देण्याची सवय इंग्रजी शिक्षणाबरोबरच आली असेही म्हणता येत नाही. पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रात, प्रत्येक प्रश्नाची चर्चा 'अधिकरण' नावाच्या ठरीव चौकटीत होत असे. तिची पाच अंगे सांगितली जातात : चर्चेचा विषय, त्याबद्दलचा संशय, पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, त्याला दिलेले उत्तर आणि शेवटी निर्णय. यात सर्वांत महत्त्वाची अट पूर्वपक्षाची होती, कारण प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या पूर्ण रूपात मांडल्याखेरीज ते खोडण्याचा अधिकार मिळत नसे. १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारने संस्कृत पाठशाळा उघडली तेव्हा तेथे शिकवणारे शास्त्री याच परंपरेतले होते, आणि तीच पाठशाळा टप्प्याटप्प्याने बदलत पुढे डेक्कन कॉलेज झाली. या परंपरेची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. तिचे दार स्त्रियांना आणि ब्राह्मणेतरांना जवळजवळ बंद होते आणि तिचा प्रश्न बहुधा ग्रंथाबाहेर जात नसे. एखादे विधान वस्तुस्थितीशी जुळते की नाही हे पाहण्यासाठी शास्त्री गावोगाव हिंडला नाही.

१८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांनी आणि नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड, विश्वनाथ नारायण मंडलिक ही नावे या संस्थेशी जोडलेली आहेत. मूळ संस्थेत निबंध इंग्रजीत वाचले जात. पण इंग्रजी न जाणणाऱ्यांपर्यंत विद्या पोहोचावी म्हणून लवकरच तिच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या, आणि दादोबा पांडुरंग यांच्या अध्यक्षतेखालील मराठी ज्ञानप्रसारक सभेने १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक चालवले. सभेत वाचलेला निबंध छापून वाचकासमोर जाणार, ही जाणीव लेखकाला सावध करणारी होती. रसायन, भूगोल, इतिहास, आरोग्य अशा विषयांवर मराठीत विवेचन करायचे म्हणजे परिभाषा घडवत घडवतच लिहायचे. विसाव्या शतकातील मराठी शास्त्रीय गद्याची पायाभरणी या विद्यार्थ्यांच्या निबंधांनी केली, हे श्रेय त्यांना पुरेसे दिले गेलेले नाही. शिवाय ही मंडळी निबंध वाचून थांबली नाहीत. स्त्रीशिक्षणाची चर्चा झाल्यावर १८४९ मध्ये संस्थेने मुलींच्या शाळा उघडल्या आणि आरंभी सभासदच आपल्या फुरसतीच्या वेळात तेथे विनावेतन शिकवत असत.

विद्यापीठ आले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्या काळचे लंडन विद्यापीठ अध्यापन करत नसे. संलग्न महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्याव्यात, अशी ती व्यवस्था होती. तिच्यामुळे दूरदूरच्या महाविद्यालयांना एक समान मापदंड मिळाला, हा लाभ मोठा होता, पण विद्यार्थ्याचे लेखन एका अनोळखी परीक्षकासाठी, तीन तासांत आणि आठवणीच्या बळावर होऊ लागले. १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. रानड्यांच्या चरित्रांत त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग नोंदवलेला आहे : त्यांनी निबंधात इंग्रजी राज्यापेक्षा मराठ्यांच्या राज्याला झुकते माप दिले म्हणून प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली. विद्यार्थ्याच्या निबंधात स्वतंत्र मत आले तर त्याचे काय करायचे, हा प्रश्न या भागातील उच्च शिक्षणाच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत आहे.

परीक्षेच्या या चौकटीतून वाट काढणारी एक जुनी सोय नव्या रूपात उपयोगी पडली. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलात हळूहळू आटोपती घेण्यात आली, त्या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याकडे वळवण्यात आला आणि त्याच निधीतून महाविद्यालयांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. शिकत असतानाच शिकवायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास करायचा, अशी ही नेमणूक होती. रानडे आणि भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. भांडारकरांनी या काळात पुण्यातील शास्त्र्यांकडे जुन्या पद्धतीने व्याकरण आणि न्याय यांचे अध्ययन केले, आणि दुसरीकडे ब्यूलर, कीलहॉर्न या जर्मन पंडितांच्या सहवासातून हस्तलिखिते व शिलालेख यांची चिकित्सा करण्याची पद्धत आत्मसात केली. पूर्वपक्षाची शिस्त आणि पुराव्याची शिस्त या दोन्ही एका माणसात एकत्र आल्या, ही घटना महाराष्ट्रातील संशोधनाच्या दृष्टीने निर्णायक ठरली.

संशोधनाची पद्धत विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याचा या भागातील पहिल्या ठळक प्रयत्नांपैकी एक भांडारकरांच्याच नावावर आहे. ३१ मार्च १८८८ रोजी मुंबईतील फ्री चर्च कॉलेजच्या लिटररी सोसायटीपुढे, म्हणजे पुन्हा एका विद्यार्थिसभेपुढेच, त्यांनी चिकित्सक, तौलनिक आणि ऐतिहासिक संशोधनपद्धतीवर इंग्रजीत व्याख्यान दिले. चिकित्सक म्हणजे साक्षीदार विश्वासू आहे की नाही हे आधी तपासणारी, तौलनिक म्हणजे एका भाषेतील वा समाजातील गोष्ट दुसरीशी ताडून पाहणारी आणि ऐतिहासिक म्हणजे प्रत्येक गोष्ट कोणत्या अवस्थांतून आजच्या रूपाला आली हे पाहणारी पद्धत. दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील आपल्या ग्रंथातही त्यांनी हाच नियम घालून दिला : इतिहासकाराने न्यायाधीशाच्या वृत्तीने पुरावा तोलावा, आपल्या देशाचा व वंशाचा गौरव व्हावा या इच्छेने साधनांकडे पाहू नये आणि उलट बाजूचा आकसही मनात ठेवू नये. हा नियम पाळणे आजही सर्वांत अवघड आहे, आणि संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत त्याला मिळणारी जागा संदर्भसूचीच्या विरामचिन्हांना मिळणाऱ्या जागेहून कमी असते, ही खेदाची गोष्ट होय.

भांडारकरांनी मुख्यतः इंग्रजीत लिहिले. मराठीत संशोधनाची सभा बसवली ती विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेल्या राजवाड्यांना वाई येथे पेशवेकालीन पत्रांचा साठा मिळाला आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे असून दीर्घ प्रस्तावनेत राजवाड्यांनी पानिपतच्या बखरी या पत्रांच्या कसोटीवर घासून पाहिल्या. बखरकाराने ऐकीव माहितीवर पुष्कळ वर्षांनी लिहिलेले एका बाजूला आणि छावणीतून त्या त्या दिवशी निघालेले पत्र दुसऱ्या बाजूला, अशा दोन साधनांचे वजन सारखे नसते, हे या प्रस्तावनेने मराठी वाचकाला प्रथमच इतक्या ठसठशीतपणे दाखवले. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या बैठकींत निबंध आणि टिपणे वाचली जात, ती पुढे वार्षिक इतिवृत्तांत आणि नंतर त्रैमासिकात छापली जात. एखादाच कागद घेऊन तो कोणी, कोणाला, केव्हा आणि कोणत्या निमित्ताने लिहिला एवढेच सिद्ध करणारे छोटे लेखन म्हणजे टिपण. नव्या अभ्यासकाला संशोधन शिकवण्याचे याहून चांगले साधन सापडणे कठीण आहे, कारण त्यात लपायला जागा नसते.

अशा टिपणातील कामाचे स्वरूप एका उदाहरणावरून ध्यानात येईल. मोडीत लिहिलेल्या पत्रात शब्द एकमेकांना जोडून येतात, त्यामुळे ओळ कोठे तोडायची हाच पहिला निर्णय असतो. मग तारीख. पत्रावर पुष्कळदा 'छ' हे अक्षर, त्यापुढे आकडा आणि मुसलमानी महिना असतो. 'छ' म्हणजे चंद्र, अर्थात त्या महिन्याची चांद्र तारीख. वर्ष सुहूर सनाचे आणि तेही अरबी संख्याशब्दांत दिलेले असते. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. सुहूर वर्ष सूर्य मृगात जातो तेव्हा सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेला ६०० मिळवले की इसवी सन निघतो. या हिशेबाने ११६१ मधील पावसाळ्याचे पत्र १७६० चे ठरते आणि त्याच वर्षातील हिवाळ्याच्या अखेरचे पत्र १७६१ चे, म्हणजे एक पानिपतच्या आधीचे आणि दुसरे नंतरचे असू शकते. एका अंकाची चूक झाली तर पराभवानंतरचे पत्र पराभवापूर्वीचे ठरेल आणि त्यावर उभारलेला सगळा युक्तिवाद कोसळेल. बैठकीत बसलेल्या श्रोत्यांपैकी कोणीतरी जंत्री उघडून ही बेरीज पडताळून पाहील, हे टिपण वाचणाऱ्याला ठाऊक असे. ग. ह. खरे यांनी पुढे 'संशोधकाचा मित्र' हे पुस्तक लिहिले ते याच प्रकारच्या अडचणींत पडणाऱ्या नव्या अभ्यासकांसाठी.

सामूहिक शिस्तीचे याहून मोठे उदाहरण पुण्यातच घडले. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक झाले आणि १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले. हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहण्याची रीत अशी होती : चौकटी आखलेल्या मोठ्या कागदाच्या माथ्यावर श्लोक एकेका चौकटीत एकेक अक्षर याप्रमाणे लिहायचा, खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ ठेवायची आणि ज्या अक्षरापाशी पाठ वेगळा असेल तेथेच तो भिन्न पाठ भरायचा. पाठ सारखा असेल तर चौकट कोरी राहायची. १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या या आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. संपादकाचे मत काय आहे हे वाचकाला दिसतेच, पण त्याने नाकारलेले पाठही पानाच्या तळाशी दिसत राहतात आणि वाचक हवे तर संपादकाविरुद्ध निर्णय देऊ शकतो. तळटीपेचे खरे प्रयोजन हे आहे, आणि विद्यार्थ्याला ते सांगितले जात नाही म्हणून तळटीप त्याला ओझे वाटते.

विद्यार्थ्याने सभेत वाचलेल्या निबंधाचे सर्वांत तेजस्वी उदाहरण मात्र महाराष्ट्राबाहेर, न्यूयॉर्कमध्ये घडले. एल्फिन्स्टन कॉलेजचे पदवीधर भीमराव रामजी आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेथे 'सेमिनार'ची पद्धत रुळलेली होती, म्हणजे प्राध्यापकाच्या बैठकीत एका विद्यार्थ्याने निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिकित्सा करायची. जर्मन विद्यापीठांत वाढलेली ही पद्धत अमेरिकेने उचलली होती. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवाइझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचविशीतल्या आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला आणि पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त प्रसिद्ध झाला. त्याची रचना प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे. आरंभी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या समोर ठेवल्या आहेत, प्रत्येकीत कोणता अंश खरा आणि कोणता अपुरा ते दाखवले आहे आणि त्यांतून जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मूळ लक्षण असल्याचे प्रतिपादन पुढे आणले आहे. केतकरांच्या व्याख्येचे महत्त्व मान्य करूनच तिच्यातला दोष दाखवला आहे. ज्या परंपरेने पूर्वपक्षाची शिस्त घडवली तिने ज्या समाजाला विद्येपासून दूर ठेवले, त्याच समाजातील एका विद्यार्थ्याने ती शिस्त तिच्याच व्यवस्थेवर इतक्या समर्थपणे चालवून दाखवावी, ही गोष्ट महाराष्ट्राच्या बौद्धिक इतिहासात फार मोठी आहे. शेवटी आंबेडकरांनी आपला सिद्धांत अंतिम मानलेला नाही. तो चुकीचा असल्याचे सिद्ध झाले तर आपण तो सोडून देऊ, असे त्यांनी श्रोत्यांना सांगितले.

मुंबई विद्यापीठाने स्वतः अध्यापन व संशोधन हाती घेतले ते १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने तशी मोकळीक दिल्यानंतर, आणि तेही सावकाश. १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो चालवला. प्रश्नपत्रिकेऐवजी प्रबंध, म्हणजे एका प्रश्नावरील विस्तृत मूळ लेखन, सादर करून एम.ए. होण्याची सोय तेथे होती. इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये चित्पावनांवरील प्रबंध लिहून ही पदवी मिळवली आणि नंतर बर्लिनमध्ये डॉक्टरेट केली, म. न. श्रीनिवास आणि अ. र. देसाई हेही घुर्ये यांचेच विद्यार्थी. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उभे राहिले तेव्हा इरावतीबाई आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया तेथे रुजू झाले. सांकळियांनी आपल्या विद्यार्थ्यांना एकेक जिल्हा नेमून देऊन पायी हिंडून अवशेषांची नोंद करायला लावली. शास्त्र्याने जे केले नव्हते ते येथे विद्यार्थ्याने केले.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठे वाढली, पीएच.डी. ही अध्यापकाच्या नोकरीची व बढतीची पायरी झाली आणि प्रबंधांची संख्या त्या प्रमाणात फुगली. सभा मात्र आक्रसली. मार्गदर्शक आणि दोन-तीन परीक्षक एवढाच प्रबंधाचा वाचकवर्ग उरला. चर्चासत्रांत एका सत्रात दहा-बारा निबंध दाटीवाटीने बसवले जातात आणि वेळ संपल्याने प्रश्नोत्तरे रद्द होतात, तेव्हा जो भाग कापला जातो तोच १८४८ च्या तरुणांना सर्वांत मोलाचा वाटत होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधलेख प्रसिद्ध करण्याची आणि परिषदांत दोनदा निबंध वाचण्याची सक्ती केली. तिच्यातून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले आणि २०२२ च्या नियमांत ती सक्ती उरली नाही. संख्येची अट घालून सभेची जागा भरता येत नाही, एवढे त्या अनुभवाने दाखवून दिले.

आता चार वर्षांच्या पदवीत, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधनप्रकल्प करून 'संशोधनासह ऑनर्स' पदवी घेता येते. म्हणजे विशीच्या आसपासच्या मुलामुलींच्या हाती संशोधन पुन्हा एकदा येत आहे. प्रत्येक महाविद्यालयाने या विद्यार्थ्यांसाठी महिन्यातून एक बैठक ठेवावी, तीत एकाच विद्यार्थ्याने एकच टिपण मराठीत वा त्याला येत असलेल्या भाषेत वाचावे, वाचनाला जेवढा वेळ दिला तेवढाच प्रश्नांना द्यावा आणि गावातील कोणालाही येऊन प्रश्न विचारण्याची मुभा असावी. त्यासाठी अनुदान लागत नाही. एक खोली, एक घड्याळ आणि आक्षेप मनापासून ऐकून घेणारा प्राध्यापक एवढे पुरे आहे.